बाबा आणि कच्चं मोहरीचं तेल

आई गेल्यानंतर बाबा माझ्याकडे कोलकात्याला राहायला आले. ते आले त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की आता आमच्या घरात स्वयंपाक येणारं कुणीच उरलेलं नाही.

डमडमला दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. लग्न केलं नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही. दुपारचं जेवण ऑफिसात व्हायचं आणि रात्रीचं मोबाइलवरून मागवलेलं असायचं. कधी चाऊमिन, कधी रोल, कधी बटाटा घातलेली इथली बिर्याणी. माझ्या स्वयंपाकघरात चहाचं एक पातेलं होतं, एक कढई होती, आणि डब्यात जुने झालेले पोहे.

बाबा साताऱ्याचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. यात त्यांचा आळस नव्हता. आईला ओट्याजवळ कुणी उभं राहिलेलं चालायचं नाही. "मध्ये येऊ नका, भाजेल," असं ती बाबांनाही म्हणायची आणि मी चाळिशीला टेकले तरी मलाही म्हणायची. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसून ताटं मांडायचो, तेवढंच आमचं काम.

त्यात बाबांचं नाक गेलेलं. आई असतानाच त्यांना एकदा ताप येऊन गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. तो आला नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळायचं. बाकी सगळं सपाट. "पोळी आणि पुठ्ठा यांत मला आता फक्त कडकपणाचा फरक वाटतो," असं ते एकदा हसत म्हणाले होते. हसत म्हणाले म्हणून मीही हसले. पण इथे आल्यावर शेजारी बसून जेवताना पाहिलं, तेव्हा कळलं की ते जेवत नाहीत, नुसतं गिळतात. मागवलेल्या बिर्याणीतले चार घास खायचे, पाणी प्यायचे आणि ताट सरकवायचे. आईच्या आजारपणात झिजलेलं अंग इथे आणखी झिजत चाललं होतं. सदऱ्याच्या कॉलरमधून मान एखाद्या पक्ष्याच्या मानेसारखी दिसायची.

त्याच सुमाराला आमच्या कंपनीचं एक मोठं काम हातचं गेलं. काही लोकांना घरी पाठवलं, उरलेल्यांचे पगार कापले. मी उरलेल्यांत होते. रोज बाहेरून मागवणं आता परवडणारं नव्हतं. बाबांना सांगितलं तर त्यांना उलट सुटल्यासारखं झालं.

"मग घरीच करू की," ते म्हणाले. "खिचडीला काय लागतं? तांदूळ, डाळ, पाणी."

"तुम्ही केली आहे कधी?"

"नाही. तू?"

"नाही."

मग मी तांदूळ आणि मुगाची डाळ आणली. मोबाइलवर एक बाई खिचडी करून दाखवत होती, तिचं बघून फोडणी केली, पाणी घातलं, झाकण ठेवलं. बाबांना म्हटलं, "तुम्ही इथे उभे राहा, मी आंघोळ करून येते. पाणी आटलं की गॅस बंद करा."

मी न्हाणीघरातून बाहेर आले ती जळकट वासानेच. घरभर करपल्याचा वास कोंदला होता. स्वयंपाकघरात धावले. बाबा कढईच्या अगदी समोर उभे होते, हाताची घडी घालून, शांतपणे झाकणाकडे बघत. झाकणाच्या कडेने काळपट धूर निघत होता.

"बाबा! जळतंय!"

"हो का?" ते म्हणाले. "मला वाटलं वाफ आहे."

मी गॅस बंद केला. ते कढईकडे बघत राहिले आणि मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे. इतके दिवस नुसतं नाक गेलं होतं. आपण जळत्या कढईपुढे उभे होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं असावं.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला. वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, मोठ्या आवाजाच्या. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणते, म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. मीही म्हणते. त्या दारात उभ्या राहून हुंगत म्हणाल्या, "की पुडछे? क्या जल रहा है?"

मी कढईकडे बोट केलं. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं आणि बाबांकडे वळल्या. "दादा, आप सामने खड़ा था, गंध नहीं आया?"

बाबांनी आपल्या नाकाला बोट लावलं आणि सातारी हिंदीत म्हणाले, "ये बंद है. दो-तीन साल से."

माशीमांना ओशाळल्यासारखं झालं. पण त्या फार वेळ तशा राहणाऱ्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे तांदळाचा डबा मागितला, मग बटाटे मागितले. बटाटे माझ्याकडे नव्हते. त्या वर गेल्या आणि पदरात बटाटे, भोपळ्याची फोड, कांदा, मिरच्या, एक जुनं धुवट फडकं, मसूर डाळ आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. आमच्याकडे मोठं पातेलं नव्हतं, तेही त्यांनीच आणलं.

मग त्यांनी जे केलं ते इतकं सोपं होतं, की मला काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. पातेल्यात भरपूर पाणी. त्यात तांदूळ. त्यातच सालासकट बटाटे, भोपळ्याची फोड, आणि फडक्यात पुरचुंडी बांधलेली मूठभर मसूर. झालं. फोडणी नाही, मसाला नाही, ढवळणं नाही. एका पातेल्यात सगळं जेवण एकमेकांच्या अंगाला अंग लावून शिजत होतं. भात झाल्यावर त्यांनी वरचं पेजेसारखं पाणी ओतून काढलं. बटाटे सोलले, पुरचुंडी सोडली. गोळा झालेली डाळ, मऊ भोपळा, बटाटा हे सगळं वेगवेगळं ठेवून हाताने कुस्करलं. त्यात मीठ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची. आणि शेवटी बाटलीतून कच्चं मोहरीचं तेल, चांगली धार धरून.

"गरम नहीं करना," त्या मला बजावून म्हणाल्या. "कच्चा. इसी में मज़ा."

आमच्याकडे मोहरीचं तेल खात नाहीत. बाबांनी ते आयुष्यात फक्त गुडघ्याला चोळलं होतं. ते ताटाकडे बघून मला मराठीत हळूच म्हणाले, "अगं, हे मालिशचं तेल."

"माशीमा समोर बसल्या आहेत," मी म्हटलं. "एक घास तरी खा."

त्यांनी भाताबरोबर बटाट्याचा एक घास घेतला. चावला. आणि थांबले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात ताटावर तसाच राहिला. मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाळाच्या मध्यावर, दोन्ही भुवयांच्या मधे टेकवलं.

"इथे लागलं," ते म्हणाले. "अगं, इथे लागलं काहीतरी."

"काय लागलं?"

"झणका. इथपर्यंत गेला."

त्यांनी दुसरा घास घेतला. पुन्हा डोळे भरले, पुन्हा बोट कपाळाला. तिसरा घास जरा मोठा. माशीमा त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. मी त्यांना जमेल तसं सांगितलं, की ह्यांना इतकी वर्षं खाल्लेलं काही कळत नव्हतं आणि आज कळतंय. त्या उठल्या आणि बाबांच्या ताटात आणखी तेल ओतलं.

बाबांनी ताट स्वच्छ केलं. माझ्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की वास घेणारी नस वेगळी आणि झोंबणं सांगणारी वेगळी. मोहरी, मिरची, कच्चा कांदा झोंबतात ते त्या दुसऱ्या नसेला, आणि बाबांची ती शाबूत आहे. मिरची जिभेवरच थांबते, कच्ची मोहरी थेट नाकात चढते. हे ऐकून माझा अचंबा कमी व्हायला हवा होता. तो वाढला. माणसाच्या चेहऱ्यालाही घरासारखं एक मागचं दार असतं आणि ते एका उकडलेल्या बटाट्याने उघडतं, हे काही मला साधं वाटेना. अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा ओट्याशी. पातेल्यात तांदूळ, बटाटे आणि पुरचुंडी. पुरचुंडी त्यांनी आपल्या रुमालाची बांधली होती.

"धुतलाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

तिथून आमचं शिकणं सुरू झालं. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत बाबा चिराचिरी करून ठेवायचे. ऐन शिजवण्याच्या वेळी आम्ही दोघं ओट्याशी उभे. माशीमा अधूनमधून खाली यायच्या, कढईत डोकवायच्या, काहीतरी सांगून जायच्या. एकदा मी दुध्या भोपळ्याची सालं कचऱ्यात टाकत होते तर त्यांनी माझा हातच धरला. त्या सालांच्या बारीक काड्या करून, कलौंजीची फोडणी देऊन, वर खसखस घालून त्यांनी जी भाजी केली, ती खाताना आतला दुध्या कशासाठी घ्यायचा असा प्रश्न मला पडला. बाबांना त्या काड्यांचा कुरकुरीतपणा आवडला. त्यांना आता दातांखाली काय येतं याचं फार कौतुक. मग त्यांनाच आठवलं, की आई दोडक्याच्या शिरांची चटणी करायची. "तीही सालंच होती की," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं खाल्ली आणि मला वाटायचं, ती कसली तरी महागाची चीज असणार."

सकाळी ते एकटे बाजारात जायला लागले. इथला पालेभाज्यांचा बाजार म्हणजे नुसती हिरवी गर्दी. लाल माठ, मायाळूच्या लांबच लांब वेली, पाण्यात उगवणारी कलमी, भोपळ्याची कोवळी पानं, मुळ्याचा पाला. सगळं ताजं, ओलं आणि स्वस्त. बाबांना बंगाली येत नाही. ते जुडी उचलून पान मोडून बघायचे. कट्कन मोडलं तर घ्यायची, वाकलं तर ठेवायची. भाजीवाल्या बायका त्यांना ओळखायला लागल्या. ते घरी येऊन मला सांगायचे, "आज एक नवीन पान मिळालं. नाव काय ते कळलं नाही, पण मोडतं फार छान."

बाबा कानांनीही स्वयंपाक शिकत होते, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. कढईतल्या भाजीला पाणी असेतो बुडबुड आवाज येतो. पाणी आटत आलं की तो आवाज बारीक आणि कोरडा होतो, तेल सुटलं की चर्र होतो. मला हे कधी ऐकू आलं नव्हतं, कारण मला वास येतो आणि तेवढ्यावर माझं भागतं. बाबा डोळे मिटून उभे राहायचे. "आता," म्हणायचे. मी झाकण काढून बघायचे तर खरंच पाणी नुकतं आटलेलं असायचं. त्या करपलेल्या खिचडीनंतर आमच्या घरात पुन्हा काही लागलं नाही, जळलं नाही.

पण काही गोष्टी कानाला कळत नाहीत. लसूण कच्चा कधी, झाला कधी, आणि कडू कधी होतो, हे वासावरच कळतं. तिथे मी लागायचे. एकदा ते कढईवर वाकून म्हणाले, "सांग बरं, काय येतोय वास?"

"लसणाचा."

"ते मला दिसतंय. कसा येतोय?"

लसणाचा वास लसणासारखा, याच्यापुढे मी आयुष्यात गेलेच नव्हते. ते वाट बघत थांबले. मी पुन्हा नाक पुढे केलं, नीट घेतला. "पहिल्यांदा टोकदार होता," मी म्हटलं, "आता त्याचं टोक बोथट झालंय. जरा गोडसर. भाजलेल्या शेंगदाण्याकडे चाललाय."

"मग हळद टाकू?"

"थांबा. आता टाका."

त्यांनी टाकली. "आता?"

"आता ओल्या मातीसारखा. नाही, मातीच्या नव्या माठासारखा."

"बरोबर," ते डोळे मिटून म्हणाले. "हळदीचा तसाच असतो. आठवला."

रोज ते विचारायचे आणि रोज मला काहीतरी शोधून सांगावं लागायचं. तुपात जिरं पडलं की कसं, डाळीला पहिली उकळी येते तेव्हा कसं, वांगं भाजताना साल सुटते त्या क्षणी कसं. सांगता सांगता मला असं झालं, की मी इतकी वर्षं एका भरलेल्या घरात दिवे न लावता राहत होते. चार पैशांची डाळ उकळताना तिचा वास तीन वेळा बदलतो. हे जगात रोज, प्रत्येक घरात चाललेलं असतं, आणि आई ते रोज संध्याकाळी एकटी घेत उभी असायची.

फाल्गुनात कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी बाजारात आली. आपण पाडव्याला ती नावापुरती जिभेला लावतो. इथले लोक वांग्याबरोबर कुरकुरीत तळून, रोजच्या जेवणात पहिल्या भाताशी खातात. माशीमांनी शिकवलं आणि बाबा त्यावर तुटून पडले. कडू त्यांच्या जिभेला पूर्ण कळतं ना. त्यात काही वजा होत नाही. "हे तुला लागतं तेवढंच मला लागतं," ते मला म्हणाले. एकाच ताटातली एकच चव आम्हा दोघांना सारखी लागतेय, याचा त्यांना इतका आनंद झाला, की मी कडुनिंब दुसऱ्यांदा वाढून घेतला. मला तो अजिबात आवडत नाही.

मग एकदा बाबांनी ठरवलं, माशीमांना आपल्याकडचं काहीतरी खायला घालायचं. पिठलं-भात. पिठलं आई करायची, आम्ही फक्त खाल्लेलं. कृती कुणालाच माहीत नाही. आम्ही आठवणीतून मागे मागे जात राहिलो. पिठलं दाट असायचं पण वडीसारखं नाही. वर लाल तेलाचा तवंग. चुकून कधी गुठळी सापडायची, ती बाबा मला द्यायचे. आई पीठ आधी पाण्यात कालवायची की वरून पेरायची? बाबा डोळे मिटून बसले. "पाणी उकळल्याचा आवाज यायचा," ते म्हणाले, "आणि मग एकदम बंद व्हायचा. त्यानंतर ताटलीवर पळी आपटल्याचा आवाज."

"म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ पेरायची," मी म्हटलं. "कालवलेल्या पिठात गुठळी कशी सापडेल? ती मोडायलाच पळी."

आम्ही तसं केलं. ते ऐकत होते, मी हुंगत होते. लसूण टोकदार असताना मी थांबवलं, बोथट झाल्यावर सोडलं. पाणी बाबांनी कानाने ठरवलं. पीठ ते पेरत होते, मी पळी फिरवत होते. झाकण ठेवलं. वाफ आली. मी झाकण काढलं, आणि वास आला. साताऱ्याचं घर, संध्याकाळ, बाहेरच्या खोलीत मांडलेली ताटं, सगळं एका वाफेत.

"झालं ना?" बाबांनी विचारलं. "कसा आलाय वास?"

"आईसारखा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. कढईवर वाकले आणि सवयीने खोल श्वास घेतला. त्यांना काही आलं नाही, ते मला चेहऱ्यावर दिसलं. पण ते तसेच वाकून राहिले, वाफ चेहऱ्यावर घेत. "गरम आहे," ते म्हणाले. "चांगलं गरम आहे."

माशीमा जेवायला बसल्या. पिठल्याचा पहिला घास घेऊन त्यांनी बेसनाचं असं काही होतं हे आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही, म्हणून आम्हा दोघांना खरोखर रागे भरलं. मग म्हणाल्या, "दादा, किसने सिखाया?"

बाबा म्हणाले, "घर में सीखा."

त्या रविवारी माशीमांची बहीण खिदिरपूरहून आली, तेव्हा पुन्हा पिठलं झालं. पुढच्या आठवड्यात वरून निरोप आला, की आज त्यांना बरं नाही, दादांनी काहीतरी हलकं करून पाठवावं. बाबांनी मऊ भात केला, त्यावर तूप, लिंबाची फोड, आणि मी म्हटलं तेवढाच हिंग. डबा घेऊन ते स्वतः जिना चढून गेले.

त्यांचा वास परत आलेला नाही. कॉलरमधली मान मात्र भरली आहे. पगार पुन्हा पूर्ववत झाला, पण बाहेरून मागवायचं आम्हाला आता सुचत नाही. संध्याकाळी मी मेट्रोतून उतरून गल्लीत वळते, तेव्हा घरोघरी तेल तापलेलं असतं. कुठे कांदा पडलेला असतो, कुठे मासा, कुठे नुसतं जिरं. मी चालता चालता ते सगळं नीट घेत जाते. घरी गेल्यावर बाबा विचारतात, कुणाकडे काय शिजतंय, आणि मला एकेका घराचं सांगायचं असतं.